बाबांच्या श्वासावर

४ जून
गायचं नाही म्हणे! पहिलाच दिवस, आणि मी जमिनीवर उताणी, पोटावर जाडजूड पुस्तक. गाण्याच्या बाई खुर्चीतून बघतायत. "खांदे नको उचलूस. पुस्तक उचल." पुस्तक हलेल तर शपथ! इतकी वर्षं श्वास घेतेय, तो सगळा चुकलाच म्हणायचा.

७ जून
बाई म्हणाल्या, "घरी दुपारी कुणी झोपतं? त्याचं पोट बघत जा. झोपेत माणूस बरोबर श्वास घेतो."

घरी कोण, बाबाच. अंथरुणाला खिळल्यापासून झोपणं हेच त्यांचं काम. मी पडद्यांच्या दुकानातल्या कामावरून जेवायला घरी आले की त्यांच्या पलंगाशी बसते. त्यांच्या पोटावरची चादर वर, माझं पोट वर. चादर खाली — स्स्स. जमतंय की!

८ जून
दादाचा फोन. "या वयात गाणं? आधी बाबांकडे बघ." अरे, त्यांच्याकडेच तर बघत बसलेय! तू ये की एकदा.

१४ जून
आज भलतंच झालं. स्स्स लांबवत होते, संपेचना. बघते तर चादर थांबलेली. घाबरून श्वास घेतला — चादर वर! मुद्दाम पुन्हा रोखला. चादर पुन्हा थांबली. आता कोण कुणाचं बघून श्वास घेतंय?

१५ जून
गाणं बंद. डोक्याला खूळ नको.

१८ जून
बाबांनी डोळे न उघडताच विचारलं, "हल्ली जवळ बसत नाहीस गं? मला दम लागतो."

खरंच धाप लागली होती त्यांना, ओठ निळसर झाले होते. बसले. सावकाश श्वास घेतला, सावकाश सोडला. हळूहळू ओठांवर रंग आला.

आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. बाबाही गेले तर या घरात हाक कुणाला मारायची? भीती वाटते. पण बसणार. रोज बसणार.

२५ जून
पुन्हा गाण्याला जायला लागले. बाईंनी पाठीला हात लावून बघितलं. "बरगड्या काय पसरतायत तुझ्या! कुणाकडून शिकलीस?" गार पाणी बंद केलंय. मला खोकला येऊन चालणार नाही.

२ जुलै, दुपार
दुकानाला सुट्टी. सकाळी बाबांना चहा पाजला. "बस," एवढंच म्हणाले आणि झोपले. तेव्हापासून बसलेय. चादर इतकी संथ कधीच हलली नव्हती! शेवटी सूर लावला — पहिल्यांदाच. जराही हलला नाही! मला रडूच आलं. जागे झाले की ऐकवीन.

२ जुलै, संध्याकाळ
चहाला उठवलं, उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "सकाळीच गेलेत." बाबांच्या तोंडावर चादर ओढून डॉक्टर निघून गेले.

मी श्वास घेतला की चादर वर येते. दादाला अजून कळवलेलं नाही.