आजीचं माहेरचं नाव

रविवार, संध्याकाळ

घराण्याची वंशावळ लिहायला घेतली, ती बायकांपाशी येऊन अडते. आजीचं सासरचं नाव लक्ष्मी. माहेरचं कुणालाच ठाऊक नाही.

आज बदलापूर गावात आत्याकडे गेले. आजीच्या लेकरांपैकी आता तीच उरली आहे. चहाची वाट न बघता विचारलं.

"सासूचाच नाव व्हता गो तिचा," आत्या म्हणाली. "सुनेला त्या नावानं कोन हाक मारील? म्हनून लग्नात बदलला. घरात तो कुनी घेतलाच नाय. मना नाय ठावं."

म्हणजे नाव माझ्याकडेच होतं! आजीची सासू म्हणजे माझी पणजी, आणि तिचं नाव बाबा श्राद्धाला घ्यायचे.

"चांगुणा," मी म्हटलं आणि लिहूनही टाकलं. काम झाल्याच्या आनंदात आत्याकडे पाहिलंच नाही.

ती पुटपुटत होती. चांगुना. चांगुना. नव्वदीला आलेली बाई आईचं नाव पहिल्यांदा उच्चारत होती.

"मरतेवेलेला आई दाराकडं बघत व्हती," ती म्हणाली. "आमी आई, आई करून हाका मारल्या. आमचा बापूस 'अगो, अगो' करीत व्हता. वलून बघितला नाय. चांगुना म्हटला असता तं बघितला असता का गो?"

"काहीतरीच काय, आत्या!" मी नेहमीसारखी खेकसले.

परतताना रिक्षात तेच डोक्यात. बघितलं असतं, असं म्हणायला हवं होतं का? की त्याने तिला जास्तच लागलं असतं?