दाराच्या आतल्या बाजूला

सोमवार
लागली एकदाची नोकरी. कोल्ड स्टोरेजची सुपरवायझर. केबिनमध्ये ऊन येतं, खुर्ची गोल फिरते, फोर्कलिफ्टवाल्या दादांनी आल्या आल्या चहा पाजला. बर्फाची खोली उणे पंचवीसवर; हातमोज्यांशिवाय आत जायचं नाही. दार लागलं की दिवा आपोआप जातो. दाराला आतून कडी नाही, तुटलीय म्हणे. त्याऐवजी मालकांनी अख्ख्या दाराला आतून अंधारात चमकणारा रंग फासलाय. अडकलात तर दार दिसेल, म्हणाले. मी विचारलं, दिसून काय नुसतं बघत बसू? तर हसले.

बुधवार
दादांना बाहेर उभं करून आतून दार ओढलं, रंग तपासायला. दार मिणमिणत होतं, त्यावर दोन पंजे मात्र लख्ख. उघड्या हातांचे. मोजे काढायचा शहाणपणा कोणी केला म्हणून मी सगळ्यांना झापलं. दादा एवढंच म्हणाले, की माझ्या आधीची सुपरवायझर गेल्या वर्षी इथेच अडकून वारली. आणि कडी अजून नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गुरुवार
ताई कॉलेजात फिजिक्स शिकवते, तिला फोन केला. थंडीत उजेड रंगातच अडकून राहतो, म्हणाली. ऊब लागली की तेवढाच भाग भपकन उजळतो, मग रिकामा होऊन काळा पडतो. म्हणजे हात गरम हवा. नुकताच टेकलेला हवा. पण आत कोणीच नव्हतं.

शनिवार
दादांना बाहेर उभं करून पुन्हा आत गेले. दारभर काळे पंजे. एक नवा माझ्या डोळ्यांदेखत उजळला.
मालकांना सांगितलं. हा माणूस म्हणतो, मग रंग चांगलाच निघाला की. बाई जिवानिशी गेली आणि याला रंगाचं कौतुक. सोमवारी धरूनच आत नेते.

सोमवार
नेलं. रागाच्या भरात दादांना दाराशी उभं करायचं राहिलं. दार लागलं.
दोघंही दारावर थापा मारतोय, मोजे काढून. पंजे उजळतात, काळे पडतात.
आता त्यांचे उजळत नाहीत. खाली बसलेत. उद्याच कडी बसवतो म्हणे. मेल्या, आता?

मालकांना हात लावून पाहिला, थंडगार.
माझे अजून गरम. रागानं असतील. शेजारी अजून दोन उजळतायत — तिचे —

दार उघडलं. दादा रडतायत. मालकांना उचललं. मग आणखी एकीला — अंगावर कोट माझा —
दादा, मी इथे आहे — दार लावू न