स्वस्तातली काठी

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून दचकू नकोस, घरात कुणाला काही झालेलं नाही. जे व्हायचं ते होऊन गेलंय. तू फोन उचलत नाहीस, मेसेज बघून न बघितल्यासारखं करतोस, म्हणून हा कागद. माझं अक्षर कसं आहे ते तुला ठाऊक आहे. लागलं नाही तर पुन्हा वाच, पण फाडू नकोस.

तर बातमी अशी, की मी मासे धरायची काठी विकत घेतली. हस, हस. तुझी पुतणी पण हसली. म्हणाली, आई, मेलेला मासा साफ करताना तुला ओकारी येते, जिवंत कसा धरशील? मी म्हटलं, तू तुझं काम बघ. पण दुसरं करणार काय? ह्यांची काठी त्या दिवशी वाळूतच राहिली. लोक तुझ्या दादाला उचलून गाडीकडे धावले, काठीकडे कोण बघतंय? दुसऱ्या दिवशी पोरगी जाऊन आली, काठी नव्हती. कुणी नेली असेल त्याला लखलाभ. आणि तुझी काठी तू दादाला पोचवून आल्यावर गुडघ्यावर मोडलीस, कचऱ्याच्या पेटीत कोंबलीस आणि दुसऱ्या शहरात नोकरी धरून मोकळा झालास. दारामागे दोन काठ्या असायच्या, रोज झाडताना माझ्या डोक्यात पडायच्या. आता झाडू सरळ फिरतो. मला ते आवडत नाही.

आधी मी येडपटासारखी खेळण्यांच्या दुकानाशेजारून घेतली. लाल, आखूड, हातात हलकी, आणि स्वस्त. मला वाटलं, काठी म्हणजे काठी. किनाऱ्यावर जाऊन तुम्ही फेकायचात तशी फेकली, तर ते चकाकतं आमिष माझ्याच पायाशी पडलं. लाट आली आणि गळ माझ्या चपलेत अडकवून गेली. तिथे एक म्हातारा बसला होता. म्हणतो, बाई, ही तळ्यावरची, हिनं समुद्र कसा गाठाल? मी म्हटलं, समुद्रच येतोय की माझ्याकडे. पण मनातून चिडले होते. ती तशीच परत नेऊन त्या दुकानदाराच्या गळ्यात मारली.

मग गेले बंदराच्या रस्त्यावरच्या दुकानात. तुम्ही दोघं आत रमायचात आणि मी बाहेर पिशव्या धरून ओरडायचे, तेच. त्या टकल्यानं मला ओळखलं आणि आवाज एकदम खाली आणला. मी म्हटलं, रडायचं असेल तर मागे जाऊन रड, आधी काठी दाखव. त्यानं कार्बनची काढली. पिसासारखी. किंमत ऐकून तापलेली इस्त्री ठेवावी तशी खाली ठेवली. मग फायबरची काढली. जरा जड, पण आपटली तरी टिकेल म्हणाला. किनाऱ्यावरून फेकायची तर माणसापेक्षा चांगली लांब हवी, म्हणजे दोरा लाटांच्या वर राहतो. किती वजनाचं आमिष झेपेल ते दांड्यावरच छापलेलं असतं, तेही त्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं. ह्यांच्या तोंडून हे सगळं कितीदा ऐकलं असेल, पण तेव्हा मी भांडी आपटत असायचे.

दोरा ओवायच्या कड्यांतून मी रुमाल फिरवून बघितला. एका कडीत अडकला. अशी कडी दोरा कापते, म्हटलं बदल. तो म्हणाला, हे कुणी शिकवलं? मी पुढच्या कडीत रुमाल घातला. शेवटी रंग उडालेली एक मिळाली, कड्या चांगल्या, आणि रंगासाठी त्यानं पैसे कमी केले. मला काय ती लग्नात मिरवायची आहे? वजन पेलेल का, हेही विचारलं मेल्यानं. मी म्हटलं, इस्पितळाच्या लाँड्रीत ओल्या चादरी उपसते मी, तू पेलून दाखव एक.

त्या चादरींचं कुणाला बोलले नव्हते, तुला सांगते. ह्यांना त्याच इस्पितळात नेलं होतं, तिथल्याच कुठल्यातरी चादरीवर निजवलं होतं. ती आमच्याकडेच धुवायला आली असणार. कुठली ते कळायला मार्ग नाही, सगळ्या सारख्याच. म्हणून हल्ली सगळ्याच नीट इस्त्री करते. मुकादम म्हणतो, बाई, किती वेळ लावता. लावते.

आता तुझं. तू डॉक्टरला एवढंच सांगितलंस, की दादा मागे वाळूत बसला, मला वाटलं दमला. पुढे तुझं तोंडच बंद झालं. तू मासा ओढत होतास. मग काय ओढू नये? गळाला मासा लागल्यावर मागे वळून बघणारा माणूस मी ह्या घरात अजून बघितला नाही. तुझ्या जागी ते असते, तर त्यांनीही बघितलं नसतं. डॉक्टर मला स्वच्छ म्हणाला, शेजारी बसून हात धरला असता तरी हेच झालं असतं. हे तुला तोंडावर सांगायचं होतं, पण तू तोंड दाखवशील तर ना.

आणि मी काही तुझी समजूत काढायला लिहीत नाही, तेवढी माया माझ्यात नाही. मला हवंय म्हणून लिहितेय. त्या दिवशी घरातून निघताना माझ्याशी शेवटचं काय बोलले माहीत आहे? नळाचं उद्या बघतो. बस. संसार केला आणि हातात राहिला गळका नळ. पण त्यानंतर अख्खी दुपार ते जिवंत होते, आणि ती दुपार तुझ्याकडे आहे. काय बोलले, कशावर हसले, माझ्या नावानं कुरकुरले का, मला सगळं पाहिजे. समोरासमोर बसवलं तर तू ताटात बघशील, मला माहीत आहे. तुम्ही दोघं भाऊ तसलेच. सासूबाईंच्या आजारपणाचं बोलायचं होतं तेव्हासुद्धा काठ्या उचलून निघालात. पाण्याकडे तोंड करून शेजारी शेजारी उभे राहिलात की मगच तुमची तोंडं हलायची, मी लांबून बघायचे. म्हणून घेतली ही काठी. मला मासा नको. तू रविवारी ये. मी शेजारी उभी राहीन, पाण्यात बघत राहीन, तुझ्याकडे एकदाही बघणार नाही. रडलास तर रड, मला दिसणार नाही. फक्त दादा तुझ्या कुठल्या हाताला उभा राहायचा तेवढं आल्यावर सांग, म्हणजे मी तिथे उभी राहते.

तुझीच,
वहिनी