वाईच चढ

मुरुड, शनिवार संध्याकाळ

उद्या सकाळी जंगलात जायचं ठरवलंय. ह्यांच्या अँजिओप्लास्टीला चारच महिने झालेत. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला. ह्यांना मात्र पठारावरून डोंगर बघायचेत. म्हणून सगळ्यात सोपी वाट निवडली. वाट दाखवणाऱ्या रामभाऊंना फोनवर विचारलं, चढ आहे का?

"न्हाय ओ ताई. वाईच हाय."

वाईच म्हणजे किती? डोक्यावर मोळी घेऊन रोज चढणाऱ्या माणसाचं वाईच! रद्द करावं का? पण दवाखान्यातून आल्यापासून हे पहिल्यांदाच स्वतःहून काही मागतायत.

मघाशी ह्यांनीच विचारलं, "चढ आहे का गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वाईच."

हे शीळ घालत बूट पुसायला बसलेत.