सोंग उतरवायचा नियम

गड्या, लिहायला फार उशीर झाला, माफ कर. तुला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली आणि मी आज वही घेऊन बसलोय. सातवीनंतर पेन धरला तो फक्त सही करायला, तेव्हा काही चुकलं तर हसू नको. तसा तू हसल्याशिवाय राहणार नाहीसच. आज तुझा वाढदिवस. सकाळी वहिनी दरवर्षीसारखा वाटीभर शिरा घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "भाऊजी, तेवढ्या उन्हात तुम्हीच तर याईले शोधत फिरले." शिऱ्याची वाटी मी तशीच झाकून ठेवतो. डॉक्टरनं साखर बंद केली आहे, तेवढं निमित्त पुरतं.

मे महिन्यात जन्मलेल्या माणसानं असला खेळ काढावा का? दर वाढदिवसाला तू काहीतरी सोंग घेऊन गल्लीतून पसार व्हायचास आणि आम्ही चौघं सायकलींवर महाल, इतवारी, गांधीबाग पालथी घालायचो. कधी तू नवरी, कधी बँडवाला, कधी अस्वल. नियम तुझाच, पकडणाऱ्यानंच सोंग उतरवायचं, तोवर अंगावरचं काही काढायचं नाही. त्या वर्षी तू मी झालास. म्हणालास, "ज्याचं सोंग त्यानंच पकडायचं, बाकीच्याईनं घरी बसायचं." माझा स्वेटर, मफलर, कानटोपी माझ्याच बायकोनं पेटीतून काढून दिली. ऊन लागू नये म्हणून मी खिशात कांदा ठेवतो, तर तू गळ्यात कांद्यांची माळ घातलीस. बायको हसता हसता उंबऱ्यावर बसली. शेजारणीला म्हणते, "पाह्य वं, चालतेही तसाच!"

मी निघालो. विचारायच्या आधीच लोक हसत होते. पानठेलेवाला म्हणाला, "भाऊ, तुम्ही तर आत्ताच गेले! मले काही होणार तर नाही ना गा, म्हणत तीनदा नाडी पाहाले लावली." इतवारीतल्या चहावाल्यानं पुढचं सांगितलं, "रडून राहिले होते तुम्ही. म्हणे, बायको मले सोडून जाईन." बाकावरची गिऱ्हाइकं खो खो हसली. मीही हसलो. ही भीती मी फक्त तुला सांगितली होती, तू हातमागावर विणत असताना, मागाच्या खटखटीत दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

तू कुठे असशील हे मला तिथंच कळलं. उमरेडच्या गाडीसाठी मी दोन तास आधी जाऊन बसतो, म्हणजे तू एसटी स्टँडवर. मी फाटकाशी सायकल टेकवतो. तू चौकशीच्या खिडकीवर माझ्या आवाजात विचारतो आहेस, "गाडी रद्द तर नाही झाली ना, साहेब?" खिडकीतला वैतागतो, रांग हसते. मग तू पत्र्याखालच्या बाकावर बसतोस, पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून, माझ्यासारखाच. तोंड लालभडक आहे. घाम मात्र नाही. मी चार पावलं पुढं येतो आणि थांबतो.

मग मी घरी गेलो. पन्हं प्यालो, कूलरसमोर झोपलो. पाच वाजता दोन हमालांनी तुला रिक्षातून आणलं, स्वेटर तसाच. ते सांगत होते, बेशुद्ध पडेपर्यंत टोपीला हात लावू देत नव्हता, म्हणे माझा माणूस येऊन राहिला आहे. दवाखान्यात तू दोन दिवस काढलेस. मी सगळ्यांना सांगितलं की पार बर्डीच्या बाजारापर्यंत शोधलं, सापडला नाही. वहिनींनी मलाच साखर-मिठाचं पाणी करून दिलं. "प्या भाऊजी, तुम्हाले काही होऊन जाईन." मी ते पूर्ण प्यालो.

नंतर तुझ्या घरी कुणीतरी म्हणालं, त्याला त्रास होतोय हे कुणाला कसं कळावं? मी मान डोलावली. पण मला सगळ्या आजारांची लक्षणं पाठ आहेत, तुला माहीत आहे. घाम आटला म्हणजे ऊन डोक्यात गेलं, हे त्या अख्ख्या स्टँडवर माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सायकल वळवली तेव्हा मला बरं वाटत होतं. खूप बरं.

हे पत्र टाकायचं कुठे? उशीखाली ठेवलं तर बायकोच्या हाती लागेल. ती अजून मला सोडून गेलेली नाही. छातीत दुखतं, आता माझंही फार राहिलेलं नाही, आणि तिकडे आल्यावर पहिला तूच भेटशील याची धास्ती वाटते. मी वळलो तेव्हा तुझी मान फाटकाकडे होती. तू मला पाहिलंस का? पाहिलं असलंस तरी नाही म्हण. पण लवकर कळव, माझं येणं व्हायच्या आत.