नमुन्याची खोटी बिलं मागवण्याबाबत

प्रिय ठेकेदार,

तीर्थस्वरूप लिहावं तर तेवढं तुझं वय नाही, चिरंजीव लिहावं तर तेवढं तुझं ऐकणं नाही. तेव्हा सरळ नमस्कार घे आणि सूनबाईंना माझा आशीर्वाद सांग. इकडे मी बरा आहे. साखर होती तेवढीच आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय आणि खोकला तुझ्या ओळखीचाच आहे. तुझ्या गुडघ्याची चौकशी मी करत नाही, कारण सूनबाईंनी फोनवर सगळं सांगितलंय. ऑपरेशन झकास झालं म्हणे, पण तू खुर्चीतून हलायला तयार नाहीस. चालायला आणलेल्या वॉकरवर टॉवेल वाळत घालतोस, आणि समोरच्या इमारतीचा गिलावा बघून खिडकीतून गवंड्यांना शिव्या देतोस. आत्ता चालला नाहीत तर पाय कायमचा आखडेल असं डॉक्टरांनी बजावलं, तर तू म्हणालास, "आखडू दे, आता जायचंय कुठे?" हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. पण ते राहू दे. हे पत्र निव्वळ कामाचं आहे.

तर काम असं. निवृत्त झाल्यावर मी बायकोच्या किराणा बिलात चुका काढायला लागलो, तेव्हा तिनेच फोनाफोनी करून मला जुन्या कंपनीत परत धाडलं. (जाताना डबा दिला आणि "लवकर येऊ नका" म्हणाली.) तिथे आता बिलं माणसं तपासत नाहीत, एजंट तपासतात. एजंट म्हणजे विमा गळ्यात मारणारे नव्हेत. हे संगणकातले कारकून, ना चहाला उठणार, ना रजा मागणार. ठेकेदाराचं बिल आलं की पैसे सोडण्याआधी एजंट एका टूलला, म्हणजे पडताळा घेणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला, विचारतो: काम झालंय का, मापं जुळतात का, हेच बिल आधी भागवलेलं नाही ना, बँकेचं खातं त्याच माणसाचं आहे ना. टूल सांगतं, "सोडा" किंवा "थांबा". त्या टूलला काय विचारायचं आणि त्याच्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, याची माहितीपुस्तिका मी लिहितोय. वाचणार कोण, तर तेच एजंट! उभ्या जन्मात माझे शेरे कुणी धड वाचले नाहीत, आणि आता वाचक मिळाला तो असा.

माझी साहेब माझ्या नातीच्या वयाची आहे. हुशार पोरगी, पण पहिल्याच दिवशी चुकली. "काका, तुम्हाला माहीत असलेलं सगळं लिहा," म्हणाली. (माझ्यासारख्या माणसापुढे 'सगळं' हा शब्द काढू नये.) मी लिहिलं, "संशय आल्यास थांबावे." ती म्हणाली, त्यांना संशय कळत नाही, खुणा सांगा. मग खुणा आठवायला बसलो, तर डोळ्यांपुढे दुसरं कोण येणार? महिनाअखेर झाली की पत्र्याच्या त्या शेडमध्ये तू काखेत बिलांची गुंडाळी मारून यायचास, अंगभर सिमेंट, आणि आल्या आल्या आधी माझा खोकला विचारायचास. खोकल्याची विचारपूस जितकी लांब, तितकं बिल फुगलेलं! गिलाव्याच्या मापातून खिडक्या वजा करायच्या तू हटकून विसरायचास. खोदाईचं माप खड्ड्याचं घ्यायचं सोडून बाहेर काढून फुगलेल्या मातीच्या ढिगाऱ्याचं घ्यायचास. मी लाल पेन्सिल काढली की "आली कात्री!" म्हणून ओरडायचास, आणि आपण असे भांडायचो की पहारेकरी काठी घेऊन डोकवायचा. मग टेप घेऊन दोघं उन्हात. एक टोक माझ्याकडे, दुसरं तुझ्याकडे, आणि तुझा अंगठा हळूच टेपवर पुढे सरकलेला. काय दिवस होते रे! आता फोटो येतो, टूल माप काढतं, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत निकाल. भांडायला समोर कुणी नसतंच.

असो, भरकटलो. तर मी पुस्तिकेत अगदी गंभीरपणे लिहिलं, "ठेकेदाराने बिलासोबत प्रकृतीची चौकशी केल्यास पैसे रोखून मापे पुन्हा तपासावीत." एजंट आज्ञाधारक. (तुझ्या मुलांनी कधी ऐकलं नसेल इतकं ऐकतात.) आता हल्ली प्रत्येकजण बिलाच्या वर "आपण कुशल असाल अशी आशा आहे" असं छापूनच ठेवतो. झालं! झाडून सगळ्यांचे पैसे अडकले. सुटला एकटा रंगवाला, कारण त्याने लिहिलं होतं, "पैसे टाका, नाहीतर शिड्या उचलून नेतो." दुपारपर्यंत फोन वाजून वाजून तापले. लादीवाल्या बाई तर थेट टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "काका, तुमची तब्येत विचारणं आता गुन्हा आहे का?" हसावं की रडावं कळेना. पोरीने ते वाक्य खोडलं, सगळ्यांची माफी मागितली, आणि मग दार लावून घेऊन पोट धरून हसली.

आता मुद्द्याचं. पुस्तिकेच्या शेवटी नमुन्याची खोटी बिलं द्यायची आहेत, एजंटांना धडा म्हणून. मी बरीच करून पाहिली, टूलने चुटकीसरशी पकडली. मी आपला बेरीज चुकवतो, नाहीतर तारीख. पोरगी म्हणते, "काका, तुमचं खोटं फार प्रामाणिक आहे." जन्मभर लबाडी पकडली रे, करायला कुठे शिकलो? त्याला तुझाच हात हवा. तर वेळ काढून चांगली घोळदार बिलं करून दे. एवढी विनंती. सूनबाईंना सांग, काळजी करू नकोस म्हणावं.

तुझा,
कात्री

ता. क. बिलं पोस्टाने किंवा फोटो काढून पाठवू नयेत. समक्ष आणावीत, असा नियम आहे. (पोरगी म्हणते असा नियम नाही. पुस्तिका मी लिहितोय की ती?)

ता. क. पुन्हा. सूनबाईंशी बोललो आहे. गुरुवारी सकाळी रिक्षा दारात येईल. टॉवेल काढून वॉकर मोकळा ठेव.

ता. क. शेवटचं. लपवाछपवी मला जमत नाही. नमुन्याची बिलं पोरीने तुझ्या मुलाकडून तुझे जुने कागद मागवून कधीच तयार केली. पुस्तिकाही मंजूर झाली. तेव्हा काम काहीच नाही. पण मला तुझ्यावाचून करमत नाही, आणि तू "जायचंय कुठे" म्हणालास ते मला अजिबात सहन झालेलं नाही. जायचंय माझ्याकडे, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, चालू आहे. पण मी खाली दारात उभा राहीन, आपण जिन्यानेच जाऊ, आणि दम लागला की तिथेच थांबून भांडू.