पिशवीभर अंगण

२ फेब्रुवारी

चि. खडूस अनेक आशीर्वाद.

लहानपणी बारीक होतीस म्हणून घरानं तुला खडू म्हटलं. त्यापुढे ‘स’ लागला की जे होतं, तो व्याकरणाचा दोष, माझा नाही.

इकडे सर्व क्षेम. दुसऱ्याच्या दुकानात बॅटऱ्या पुसता पुसता मी स्वतःचा बॅटऱ्यांचा कारखाना काढला, हे तू हजारदा ऐकलंयस. तो बंद केल्यावर त्याच मागच्या अंगणात, जिथं आम्ही जुन्या बॅटऱ्या फोडायचो, पालक लावला. असा फोफावलाय की शेजारी कुंपणावरून नुसते उसासे टाकतात. पण तुझ्या वहिनीनं कुठंसं वाचलं, की जिथं जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथल्या मातीत शिसं मुरतं. झालं! नातवाला अंगणबंदी आणि मला अबोला. माझ्याशी बोलत नाही, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात भांड्यांशी बोलते. नातू म्हणजे टोळ; वय सव्वा वर्ष. नाव आम्ही दिलं, गुण त्याचे. वहिनी कामावर गेली की आम्ही दोघं बंदी मोडतो.

तू मातीची डॉक्टर. सोबत पिशवीभर अंगण धाडतोय. काकाच्या कष्टाची जागा आहे, पास कर.

तुझा काका

१४ फेब्रुवारी

ती. काकांस ‘स’ नसलेल्या खडूचा सा. न. वि. वि.

माती तपासली. शिसं आहे, आणि चांगलंच आहे. पण नुसतं मातीत किती आहे यावर धोका ठरत नाही. माणसाच्या पोटात किती जातं, ते पाहावं लागतं. तेव्हा न लाजता कळवा: घरात माती कोण कोण खातं, रोज अंदाजे किती, आणि कधीपासून? लपवाल तर माझा हिशेब चुकेल. काकूला आणि वहिनीलाही विचारा, त्यांच्या नीट लक्षात असेल.

तुमची खडू

२० फेब्रुवारी

चि. खडूस (या वेळी मुद्दाम) आशीर्वाद.

तुझे बाबा मला हे विचारायला चळाचळा कापले असते. त्यातून मी पत्र चहाच्या वेळी मोठ्यानं वाचलं. तुझी काकू सुई ओवता ओवता म्हणाली, की ह्यांचं प्रमाण रोजचं, लग्नापासूनचं. तुझ्या भावानं ऐन थंडीत पंख्यांचं दुकान उघडलं, ते तूच मोज. वहिनीनं अबोला मोडून सांगितलं, की तिनं एकदाच खाल्ली, त्याला होकार दिला तेव्हा. जावई आमचे घाऊक खातात, पण ते परगावी.

घरात निष्कलंक एकटा टोळ. ज्याला अजून बोलता येत नाही तो माती कुठून खाणार? बिचारा माझ्याशेजारी बसून वाफ्यातली ढेकळं तेवढी चघळतो.

अपमानित काका

२४ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न.

मी खरी माती विचारली होती! काळी, अंगणातली!! टोळाचं रक्त आजच्या आज तपासून घ्या. शिसं मोठ्यांपेक्षा लहानांच्या अंगात जास्त भिनतं, आणि मेंदूला बाधतं. अंगणाला कुलूप लावा, चपला बाहेर ठेवा, त्याचे हात धूत राहा. पालक कोणीही खायचा नाही. वहिनीला तुम्हीच सांगा.

खडू

९ मार्च

चि. खडूस अनेक आशीर्वाद.

वहिनीला सांगायला तिच्या ऑफिसात गेलो. ओरडेल म्हणून मन घट्ट केलं होतं. ती पर्स उचलून माझ्याआधी रिक्षात जाऊन बसली. रक्त काढलं, टोळानं एक किंकाळी फोडून नर्सबाईंचं पेन तोंडात घातलं.

शिसं चढं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात. माती थांबली की उतरेल, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.

पालक स्वतः उपटला. शेजारी जुडीभर मागायला आला, दिला नाही. आता गल्लीभर कंजूष म्हणून माझी ख्याती आहे. वरची माती उचलून फरशी बसवणारे उद्या येतील.

पण अंगण बंद झाल्यापासून टोळ घरातच असतो. काल पाहतो तर जिन्याखालची भिंत चाटतोय, आणि तिचा रंग माझ्या कारखान्याइतका जुना; त्या काळच्या रंगातही शिसं असायचं म्हणे. पोपडा पुडीत बांधून पाठवतोय. तुझं उत्तर येईपर्यंत भिंतीपुढे खुर्ची टाकून मीच बसलोय; हे पत्रही तिथूनच लिहितोय. तो खुर्चीखालून यायला बघतोय.

लोभ असेलच, उत्तर तेवढं आधी येऊ दे.

तुझा काका